खेळघर : दिवे मालवून, एकट्यानं

मागच्या अंकात शेवटी विचारलं होतं, पावसाळ्यात घरात अडकलात की काय खेळता? उत्तरं आली ती बहुतेक भीतीच्या व्हिडिओ गेमची, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न 'एकट्यानं खेळू का' असा होता. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिलाय. सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी नाटकांचं पार्श्वसंगीत ऑपरेट करते. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात प्रयोग असला की मागच्या बाजूला साउंड कन्सोलवर बसलेली असते. त्यामुळे व्हिडिओ गेम हातात आला की मी आधी त्याचा आवाज ऐकते, चित्र नंतर बघते. खालची उत्तरं त्याच सवयीतून आली आहेत.

ताई, मी सातपूरला कंपनीत आहे. सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा रूमवर येतो. रूममेट गावी गेलेत. पीसी चांगला आहे, ग्राफिक्स कार्डही आहे. एकट्यानं खेळायला सगळ्यात भीतीदायक गेम कोणता? यादी नको, एकच नाव सांगा. — सातपूर

'एलियन : आयसोलेशन'.

२०१४ साली क्रिएटिव्ह असेंब्ली या इंग्लंडमधल्या कंपनीनं हा काढला. ही मंडळी तोवर मोठमोठ्या सैन्यांच्या लढायांचे खेळ करायची, त्यामुळे एका बाईला एकटीला कपाटात लपवणारा हा खेळ त्यांच्या हातून झाला याचं मला अजून नवल वाटतं. १९७९च्या 'एलियन' सिनेमातल्या नायिकेची, रिप्लीची, मुलगी अमांडा आईचा माग काढत सेव्हस्तोपोल नावाच्या अवकाशस्थानकावर येते. स्थानक मोडकळीला आलंय, उरलेली माणसं घाबरून एकमेकांवर गोळ्या झाडतायत, आणि आत तो प्राणी शिरलाय. तो तुमच्यानं मरत नाही. पिस्तूल मिळतं, पण त्याचा त्याच्यावर काही उपयोग नाही. पुढे आगीचा झोत टाकणारं हत्यार मिळतं, त्यानं तो थोडा वेळ लांब पळतो, एवढंच.

खरी मेख तो प्राणी कसा वागतो यात आहे. बऱ्याच खेळांत राक्षसाच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. दोनदा मेलात की त्या पाठ होतात आणि भीती संपते. इथे प्रोग्रामचे दोन भाग आहेत. एका भागाला तुम्ही कुठे आहात हे कायम ठाऊक असतं, पण तो प्राण्याला नेमकी जागा सांगत नाही, 'त्या अंगाला जाऊन बघ' एवढी कुणकुण देतो. दुसरा भाग म्हणजे तो प्राणी. त्याला स्वतःच्या डोळ्याकानांना जेवढं कळेल तेवढंच कळतं. म्हणून तो तुमच्या आसपास घोटाळत राहतो, पण कोणत्या दारातून येईल ते पाठ करता येत नाही.

आता आवाज. तुमच्या हातात एक मोशन ट्रॅकर असतो, छोटा हिरवा पडदा, त्यावर हलणाऱ्या गोष्टीचा ठिपका. तो समोर धरला की नजर पडद्यावर, आणि पुढची वाट धूसर. ठिपका जवळ आला की ट्रॅकर टिकटिकतो, आणि प्राणी अगदी जवळ असेल तर ती टिकटिक त्यालाही ऐकू जाते. म्हणजे तो कुठे आहे हे कळून घ्यायचं साधनच तुम्हाला पकडून देतं. मग तुम्ही ट्रॅकर खाली ठेवता आणि नुसतं ऐकत राहता. छताच्या वर पत्र्याच्या नळीतून काहीतरी धावत गेलं. थांबलं. आता ते वरच आहे की निघून गेलं? वर नळीचं तोंड उघडं असेल आणि त्यातून लाळ ठिबकत असेल तर त्याखालून जायचं नाही, हे खेळ तुम्हाला तोंडानं सांगत नाही, एकदा जीव घेऊन शिकवतो.

खेळ सेव्ह करायची सोयसुद्धा सुखासुखी नाही. भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालायचं आणि एकामागून एक तीन दिवे लागेपर्यंत तिथेच उभं राहायचं. या वेळात प्राणी मागून येऊ शकतो. तिसऱ्या घंटेची वाट बघत विंगेत उभ्या असलेल्या नटाचं जे होतं, ते त्या तीन दिव्यांत खेळणाऱ्याचं होतं. असं सेव्ह करणं मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही.

दोष सांगायचा तर लांबी. खेळ खूप मोठा आहे आणि उत्तरार्धात एकदोनदा 'आता पुरे' वाटतं. तुमची शिफ्ट उशिरा सुटते, तेव्हा एका सेव्हपासून दुसऱ्या सेव्हपर्यंतच खेळा आणि झोपा. दमलेल्या माणसाला भीती वाटत नाही, नुसती चिडचिड होते, आणि हा खेळ चिडचिडीत वाया घालवायचा नाही. पीसी बंद पडला तर २०२१ मध्ये याची मोबाइल आवृत्तीही आली आहे, पण तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे, मोबाइलच्या वाटेला जाऊ नका.

माझा मुलगा चौथीत आहे. सुट्टीत चुलत भावांच्या नादानं मोबाइलवर 'ग्रॅनी' खेळायला लागला. आता रात्री बाथरूमला एकटा जात नाही, पण दुपारी परत तोच गेम मागतो. डिलीट केला तर रडारड. काय करावं? — पंचवटी

वहिनी, घाबरतो आणि तरी मागतो, यात विपरीत काही नाही. त्याला ते घर जिंकायचंय.

खेळ काय आहे ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला त्याच्याशी बोलता येईल. २०१७ मध्ये डीव्हीलोपर या नावानं एका स्वीडिश माणसानं हा काढला. तुम्ही एका घरात कोंडले गेलात आणि तिथे एक म्हातारी फिरते आहे. पाच दिवसांत किल्ल्या, पक्कड वगैरे शोधून बाहेर पडायचं. म्हातारीला ऐकू फार चांगलं येतं: हातातली वस्तू खाली पडली, फळी करकरली, की ती तिथे हजर. पलंगाखाली किंवा कपाटात लपायचं. तिनं पकडलं की एक दिवस गेला. खेळ फुकट आहे, मध्ये जाहिराती येतात, आणि मला विचाराल तर त्याची रचना चोख आहे. 'आवाज करू नकोस' हा एकच नियम, आणि तो लहान मुलाला लगेच कळतो. म्हणूनच तो त्याच्या मनातून जात नाही. तुमच्या घरातही पलंग आहे, कपाट आहे, रात्री करकरणारं दार आहे. अवकाशातला राक्षस अवकाशातच राहतो, म्हातारी मात्र बाथरूमच्या वाटेवर उभी राहते.

चौथीतल्या मुलानं हा खेळ एकट्यानं खेळू नये, हे माझं स्पष्ट मत. ॲपच्या पानावर वयाची खूण असते, ती बघायची सवय सगळ्याच आईवडिलांनी लावून घ्या. पण आता खेळून झालंय, तर नुसतं डिलीट करून ती म्हातारी जात नाही. ती त्याच्या डोक्यात अर्धवट राहते. असं करा. दुपारी, उजेडात, त्याच्या शेजारी बसा आणि त्याला म्हणा, मला शिकव. खेळात सरावाचा एक प्रकार आहे, त्यात म्हातारी नसतेच. आधी तो लावा. सगळं घर त्याच्याबरोबर फिरून बघा, कुठली किल्ली कुठल्या दाराची ते त्याला सांगू द्या. आवाज बंद करून एकदा खेळा, मग चालू करून खेळा. आवाज गेला की भीती किती उतरते हे त्याला स्वतःला कळेल. एकदा दोघं मिळून बाहेर पडलात की मग खेळ काढून टाका, बहुतेक तो फार कटकट करणार नाही. दिवेलागणीनंतर मोबाइल त्याच्या हातात नको, झोपायच्या खोलीत तर नकोच.

आणि एवढं करूनही काही आठवडे झोप लागत नसेल, दचकून उठत असेल, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला. त्यात लपवण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही नाही. चुलत भावांना मात्र दम द्या.

हेडफोन की स्पीकर? — नाशिकरोड

हेडफोन. वायरचे. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो. गाण्याला चालतं, पण पावलं मोजत पळायचं असतं तेव्हा चालत नाही. कान पूर्ण झाकणारे घ्या आणि खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'हेडफोन' निवडा, बरेच लोक हे करतच नाहीत. मग डावीकडचं डावीकडे आणि मागचं मागे ऐकू येतं. आवाज वाढवू नका. बेताच्या आवाजात कान स्वतः पुढे होऊन ऐकतात, आणि भीती तिथेच तयार होते. गणपतीआधीचे दिवस या कामाचे नाहीत, हेही सांगून ठेवते. गोदाकाठी आणि गंगापूर रोडला ढोलपथकांचा सराव सुरू झाला की कुठल्याही हेडफोनचा निभाव लागत नाही. तेवढे दिवस ढोल ऐका, तोही चांगलाच असतो.

आम्ही चौघी मैत्रिणी 'फॅस्मोफोबिया' खेळतो आणि हसून हसून पोट दुखतं. हा गेम भीतीचा आहे असं लोक का म्हणतात? — कॉलेज रोड

कारण ते लोक एकटे खेळलेले असतात. २०२०च्या सप्टेंबरात आलेला हा खेळ चौघांपर्यंत खेळता येतो: भुताच्या घरात उपकरणं घेऊन शिरायचं, पुरावे गोळा करायचे, भूत कोणत्या जातीचं ते ओळखून बाहेर पडायचं. चौघी असलात की एकजण ओरडते, दुसरी तिला हसते आणि भुताला कुणी विचारत नाही.

एक दिवस तू एकटी खेळून बघ, मायक्रोफोन चालू ठेवून. भूत तुझा खरा आवाज ऐकतं. ते शिकारीला निघालं असताना तू जवळपास बोललीस तर ते आवाजाच्या दिशेनं येतं. काही भुतं अशी आहेत की माणूस एकटं असल्याशिवाय उत्तरच देत नाहीत. म्हणजे चौघींना तो अर्धा खेळ भेटलेलाच नाही. खोलीत उभं राहून, कुणी उत्तर देऊ नये अशी मनोमन इच्छा धरून, स्वतःच्या तोंडानं प्रश्न विचारायचा. माझ्या माहितीत दुसरा खेळ खेळणाऱ्याकडून हे करून घेत नाही. घरात कुणी झोपलं असेल तर आधी कल्पना देऊन ठेव.

माझा लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. यूट्यूबवर सगळे नवीन गेम दाखवतात. आमच्यासारख्यांनी काय खेळायचं? — सिन्नर

तुमच्यासाठी दोन नावं, आणि दोन्ही नवीन खेळांच्या तोंडात मारतील अशी आहेत.

पहिलं, 'ॲम्नेशिया : द डार्क डिसेंट'. २०१०चा, स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा. १८३९ साल, प्रशियातला ब्रेनेनबर्ग नावाचा किल्ला, आणि डॅनियल नावाचा, आठवण हरवलेला माणूस. हातात हत्यार नाही, कधीच मिळत नाही. लपायचं तर अंधारात, पण अंधारात फार वेळ राहिलं की डॅनियलचं डोकं फिरायला लागतं: चित्र डळमळतं, दात करकरा वाजतात. उजेडात यावं तर दिसाल. कंदिलाचं तेल मोजकं, काडेपेट्या मोजक्या. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे राक्षसाकडे नुसतं बघितलं तरी डोकं फिरतं. म्हणून सगळा वेळ मान खाली घालून, त्याच्या पावलांवरून अंदाज बांधत बसायचं. आणि एक तळघर आहे, गुडघाभर पाण्यानं भरलेलं. त्यातला प्राणी दिसतच नाही, फक्त पाण्यावर त्याची पावलं उमटतात, छपाक, छपाक, तुमच्याकडे येणारी. पेट्यांवर उभं राहायचं, एक पेटी सोडून दुसरीवर उडी मारायची, आणि लांब काहीतरी फेकून त्याला तिकडे पाठवायचं. एवढ्या जुन्या चित्रांत, एकही राक्षस न दाखवता हे साधलंय. नवीन खेळ करणाऱ्यांनी हे तळघर रोज एकदा चालून यावं.

दुसरं, 'डार्कवूड'. २०१७चा, ॲसिड विझार्ड या पोलंडच्या अगदी छोट्या चमूचा. हा वरून दिसतो, नकाशावर माणूस चालावा तसा, त्यामुळे लोक आधी नाक मुरडतात. पण तुमच्या नजरेच्या टप्प्यात जेवढं आहे तेवढंच स्पष्ट दिसतं, पाठीमागचं नाही. दिवसा जंगलात सामान गोळा करायचं, रात्री घरात येऊन खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, जनरेटरमध्ये इंधन घालायचं आणि सकाळ व्हायची वाट बघायची. रात्रभर कुणी दारावर टकटक करतं, कुठेतरी फळी मोडते. अचानक तोंडासमोर येऊन दचकवायची युक्ती यात नाही, हे करणाऱ्यांनी ठरवूनच टाळलंय. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःच खेळाची प्रत टोरेंटवर, म्हणजे कुणालाही फुकट उतरवून घेता येईल अशी, टाकली होती, आवडला तर पुढे कधीतरी विकत घ्या म्हणून. तुम्हाला जमत असेल तर घ्याच, अशा माणसांच्या हातात पैसे जायला हवेत.

मुली, मी प्रेसमधून रिटायर झालो. मुलगा पुण्याला गेला, त्याचा प्लेस्टेशन ४ घरात पडून आहे. आयुष्यभर रहस्यकथा वाचल्या. मला त्यावर भीतीचं काही खेळता येईल का? बोटं आता तेवढी चपळ नाहीत. — जेलरोड

काका, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. 'अन्टिल डॉन' घ्या. २०१५चा, खास प्लेस्टेशन ४ साठीच निघालेला. बर्फाच्या डोंगरावर आठ तरुण मित्रमैत्रिणी एका घरात रात्र काढायला येतात. वर्षभरापूर्वी याच घरातून दोन बहिणी नाहीशा झालेल्या असतात. तुम्ही आळीपाळीनं एकेक जण होता आणि निर्णय घेता: या वाटेनं जायचं की त्या, खरं सांगायचं की लपवायचं. निर्णय मागे घेता येत नाही. पहाटेपर्यंत आठही वाचू शकतात किंवा सगळे जाऊ शकतात. तुम्ही रहस्यकथा वाचणारे, पुरावे जुळवत जाल तर खूप मजा येईल.

मधूनमधून झटपट बटणं दाबायची वेळ येते. एकदोनदा चुकेल, गोष्ट तरी पुढे जाते. आणि एक प्रकार असा आहे की तुम्ही लपलेले असता आणि हातातला कंट्रोलर अजिबात हलवायचा नाही. त्याच्या आत हालचाल ओळखणारं यंत्र असतं, हात हलला की सापडलात. तेव्हा कोपरं मांडीवर घट्ट टेकवा. गोष्टीत रक्तपात बराच आहे, तेवढं काकूंना आधी सांगा. पहिल्यांदा जोडणी करताना मुलाला व्हिडिओ कॉल लावा, त्यालाही आवडेल.

मी नर्सिंगला आहे. वॉर्डात रात्रपाळी करते, तिथे भीती वाटत नाही. पण भीतीचे गेम अर्ध्यात सोडते. दार उघडायचं असतं आणि माझ्याच्यानं उघडवत नाही. सिनेमा मात्र पूर्ण बघते. मी भित्री आहे का? — आडगाव

नाही. सिनेमात दार दुसरं कुणीतरी उघडतं. तू डोळे मिटलेस तरी गोष्ट पुढे जाते आणि दोन तासांनी दिवे लागतात. खेळात तू बटण दाबेपर्यंत काहीच होत नाही. दार तिथेच असतं, आतला आवाज चालूच असतो, आणि पुढचं पाऊल टाकायची सगळी जबाबदारी तुझ्या अंगठ्यावर असते. भीतीचा खेळ सिनेमापेक्षा जड जातो तो एवढ्याचसाठी, आणि सोबत कुणी नसलं की 'तू उघड' म्हणायलाही कुणी नसतं. वॉर्डात रात्री दार उघडताना आत पेशंट आहे आणि आपल्याला काय करायचंय हे तुला माहीत असतं. तिथे तुला काम आहे. खेळ करणाऱ्यांनी तेच काढून घेतलेलं असतं: काय करायचं ते माहीत नाही, हातात काही नाही, आणि कान मात्र उघडे.

अर्ध्यात सोडलेले मोठे खेळ आत्ता बाजूला ठेव. 'आयर्न लंग' घे. २०२२चा, जवळजवळ एका माणसानं केलेला, किंमत कमी आणि तासाभरात संपतो. एका ओसाड चंद्रावर रक्ताचा समुद्र आहे आणि त्यात तुला एका गंजक्या पाणबुडीत बसवून खाली सोडलंय. पाणबुडीची खिडकी बंद करून टाकलेली. बाहेरचं काहीच दिसत नाही. नकाशा, आकडे, आणि भिंत जवळ आली की वाजणारा बीप. ठरलेल्या ठिकाणी पोचून बटण दाबलं की बाहेरचा एक भुरकट फोटो पडद्यावर येतो. बस्स. बाकी सगळं ऐकायचं: पत्रा कुरकुरतो, बाहेरून काहीतरी घासून जातं.

हा तुला जमेल असं मला वाटतं, कारण यात तुला काम आहे. आकडे वाचायचे, दिशा धरायची, नोंद करायची. रात्रपाळीत तू हेच करतेस. कागद-पेन्सिल जवळ ठेव, नकाशावरच्या जागा लिहून घे. संपवलास तर मला कळव. मग पुढचा खेळ आपण ठरवू, बहुधा 'सोमा'. त्यात राक्षस तुला मारणार नाहीत असा सुरक्षित प्रकार पीसीवर आहे आणि गोष्ट मात्र तशीच्या तशी राहते.

'पी.टी.' असलेला जुना प्लेस्टेशन ४ एकजण जास्त पैशात विकतोय. घेऊ का? — सिडको

नका घेऊ. २०१४च्या ऑगस्टमध्ये हा छोटासा खेळ फुकट आला होता. 'सायलेंट हिल्स' नावाच्या मोठ्या खेळाची ती चुणूक होती, जपानी गेमनिर्माता हिदेओ कोजिमा आणि मेक्सिकन सिनेदिग्दर्शक गिएर्मो देल तोरो या दोघांची. एकच वळणाचा बोळ, दार उघडलं की परत तोच बोळ, प्रत्येक वेळी थोडा बदललेला. मोठा खेळ रद्द झाला आणि २०१५च्या एप्रिलमध्ये हाही प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढला गेला. तेव्हापासून तो ज्या मशीनवर राहिला तिथेच आहे, मशीन फॉर्मॅट झालं की गेला, पुन्हा उतरवता येत नाही. एवढ्या जुन्या मशीनला जास्त पैसे देणं मला पटत नाही. त्याच धाटणीचा, एका घरात घडणारा 'व्हिसाज' २०२० मध्ये आला आहे आणि तो प्लेस्टेशन ४ वर सरळ विकत मिळतो. कोडी अवघड आहेत, अडलात तर लिहा.